अमळनेरहून डीमॅट खातं: ब्रोकर निवडताना काय काय पाहिलं

गेल्या सप्टेंबरात पोस्टातल्या राष्ट्रीय बचत पत्राची मुदत संपली आणि त्यातले थोडे पैसे शेअरमध्ये घालायचे असं मी ठरवलं. रक्कम तीन लाखांच्या आतली. मी अमळनेरला एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. म्युच्युअल फंडाची एक छोटी एसआयपी बँकेमार्फत आधीपासून चालू आहे, पण शेअर ठेवायचं डीमॅट खातं कधी उघडलं नव्हतं. खातं उघडून पहिले शेअर जमा व्हायला डिसेंबर उजाडला. त्यातला फॉर्म भरण्याचा भाग थोडाच. बाकी सगळा वेळ कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्यात आणि एका नावाच्या घोळात गेला. ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

अमळनेरात शेअर हा विषय काही नवा नाही. १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी इथे निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. कोणाच्या आजोबांनी तिचे शेअर जपले, कोणी लेकीच्या लग्नात फुंकून टाकले, या गोष्टी गावात अजून चघळल्या जातात. आमच्या घरात मात्र शेअर कधीच नव्हता. आमच्याकडे होती पतसंस्थेची पावती. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या जिजींनी, दुधाच्या पैशांतून साठवलेली ठेव एका पतसंस्थेत होती. ती संस्था बसली. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली आहे. जळगाव जिल्ह्यात अशी पावती कपाटात असलेली घरं कमी नाहीत, त्यामुळे जास्त सांगायला नको.

मी शेअरचं बोलले तेव्हा जिजींनी नफा किती, तोटा किती हे विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "पन पैसा कोनाकडे ऱ्हातीन?"

खरं सांगते, पुढचे अडीच-तीन महिने मी जे काही केलं ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधत केलं. ब्रोकरेज, म्हणजे दलाली, वीस रुपये की शून्य, अ‍ॅप छान दिसतं की नाही, हे सगळं त्यानंतर. पैसा कोणाच्या खात्यात जातो, शेअर कोणाच्या नावावर राहतात, आणि जो विकतोय त्याला न विचारता मला ते दुसरीकडून तपासता येतं का, एवढंच मी पाहत गेले.

पहिली गाठ पडली माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याशी. बसस्टँडच्या बाजूला त्याचं छोटं ऑफिस आहे, बाहेर एका नावाजलेल्या ब्रोकरचा बोर्ड. पोरगा हुशार, बोलायला गोड. "मॅडम, तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं मी बघतो. लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचं ट्रेडिंग आहे, त्या दिवशी श्रीगणेशा करू." २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन मुहूर्ताचा सौदा होता. मी म्हटलं, कागद बघते आणि सांगते.

त्याच्यासारख्यांना पूर्वी सब-ब्रोकर म्हणत. आता 'ऑथराइज्ड पर्सन' म्हणतात. त्याची नेमणूक ब्रोकर करतो आणि नोंद एक्स्चेंजकडे, म्हणजे शेअर बाजाराकडे, होते. मी त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागितला. त्याने भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं, मी फोटो काढला आणि घरी येऊन एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर तपासलं. नाव होतं, पत्ता जुळत होता, नोंद चालू होती. म्हणजे माणूस खरा.

अडचण त्याच्या कागदांत नव्हती, बोलण्यात होती. दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, "पासवर्ड माझ्याकडेच राहू द्या मॅडम, तुम्हाला शाळेत कुठे वेळ असतो. ओटीपी आला की फक्त फोनवर सांगायचा. आणि ऑप्शनमध्ये महिन्याला दोन टक्के तर कुठे गेलेच नाहीत." मी विचारलं, चेक कोणाच्या नावाने द्यायचा? तो म्हणाला, सध्या माझ्याच नावाने द्या, मी तिकडे वळवतो.

नियम असा आहे की ऑथराइज्ड पर्सनला ग्राहकाचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या नावावर घेता येत नाहीत. पैसे थेट ब्रोकरच्या ग्राहक-खात्यात जायला हवेत आणि तेही आपल्याच बँक खात्यातून. परताव्याची हमी देणं तर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, सरळ मनाई केलेलं आहे, मग ती बोलण्यात दिलेली असो की स्टँपपेपरवर. आणि ऑप्शनच्या दोन टक्क्यांचं म्हणाल, तर सेबीचाच अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये आला होता: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्याला मी हा आकडा सांगितला. तो हसला, "मॅडम, ते स्वतःच्या डोक्याने खेळणारे."

ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं किती जड जातं हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. त्याची आई मला भाजी बाजारात भेटते, बहीण माझ्या वर्गात आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की खातं माझं, पासवर्ड माझा, पैसे कंपनीच्या नावाने आणि ऑप्शन नको, असं असेल तर तुझ्याकडेच उघडते. तो म्हणाला, "मग माझं काय काम?" प्रश्न त्याच्या बाजूने रास्त होता. आमचं बोलणं तिथेच थांबलं. नमस्कार-चमत्कार अजून चालू आहेत.

त्याच सुमारास कोणीतरी मला न विचारता एका व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकलं. तिथे रोज सकाळी एक 'सर' सुविचार टाकायचे आणि दुपारी नफ्याचे स्क्रीनशॉट यायचे. 'संस्थात्मक खातं' उघडलं की आयपीओचं, म्हणजे कंपनीने पहिल्यांदा विक्रीला काढलेल्या शेअरचं, वाटप हमखास आणि शेअर बाजारभावापेक्षा स्वस्त, असं सांगायचे. अ‍ॅप मात्र प्ले स्टोअरवर नाही, लिंकवरून उतरवायचं. मी काही उतरवलं नाही, पण गटात आठवडाभर गप्प बसून राहिले, कारण मला त्यांचं प्रमाणपत्र बघायचं होतं. कोणीतरी विचारल्यावर ते टाकलं. सेबीचं बोधचिन्ह, शिक्का, सही, सगळं झकास. नोंदणी क्रमांकाची सुरुवात होती 'आयएनएच'.

इथे एक गोष्ट कामाची सांगते. सेबी नोंदणी म्हणजे एकच नोंदणी नव्हे. शेअर ब्रोकरचा क्रमांक 'आयएनझेड'ने सुरू होतो. 'आयएनएच' म्हणजे रिसर्च अ‍ॅनालिस्ट, 'आयएनए' म्हणजे गुंतवणूक सल्लागार. रिसर्च अ‍ॅनालिस्टला अभ्यास करून शिफारस करता येते. त्या नोंदणीवर तुमचे पैसे घेऊन शेअर खरेदी करून देता येत नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र अस्सल असतं तरी त्या कामासाठी ते नव्हतंच.

सेबीचं संकेतस्थळ मी स्वतः टाइप करून उघडलं, गटातल्या लिंकवरून नाही. तिथे 'इंटरमीडियरीज'मध्ये 'रेकग्नाइज्ड इंटरमीडियरीज'ची यादी असते. प्रकार निवडायचा आणि नाव किंवा क्रमांक टाकायचा. तो क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच कोणाचा. यादीत प्रत्येकाचा ईमेल दिलेला असतो. मी त्या ईमेलवर गटाचा फोटो पाठवून दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं: आमचा असा गट नाही, असं अ‍ॅप नाही, आमच्या नावाचा गैरवापर होतोय. पैसे भरायला दिलेलं बँक खातं तर परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाचं होतं. गटातल्या ज्यांचे नंबर मला ओळखीचे वाटले त्यांना मी वेगळा निरोप पाठवला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवून बाहेर पडले. या 'संस्थात्मक खात्यां'बद्दल सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच सावध केलं होतं: अशी खाती परदेशी गुंतवणूकदारांच्या नावाखाली खपवली जातात, पण तो मार्ग, मोजके अपवाद सोडले तर, भारतात राहणाऱ्यांना खुलाच नाही.

मग उरले दोन पर्याय. आमच्या बँकेचं थ्री-इन-वन खातं (बचत, डीमॅट आणि ट्रेडिंग एकत्र), नाहीतर मोबाइलवरचा एखादा डिस्काउंट ब्रोकर, म्हणजे कमी दलालीवाला. दोघांच्या बाबतीत मी तीच तपासणी केली. अ‍ॅपचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव बहुतेक वेळा वेगळं असतं, त्यामुळे सेबीच्या यादीत अ‍ॅपचं नाव टाकून 'सापडत नाही' म्हणून घाबरू नका. ब्रोकरच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचं पूर्ण नाव, 'आयएनझेड'चा क्रमांक, एक्स्चेंजचे सदस्य क्रमांक आणि डिपॉझिटरी पार्टिसिपंटचा (शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीतलं आपलं खातं चालवणाऱ्याचा, थोडक्यात डीपीचा) 'आयएन-डीपी'ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो सगळा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला आणि सेबीच्या यादीशी ताडून पाहिला. नंतर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर तो सदस्य चालू आहे ना, हे पाहिलं. तिथेच प्रत्येक ब्रोकरचे चालू ग्राहक किती आणि त्याच्याविरुद्ध तक्रारी किती, याचीही माहिती मिळते. नुसत्या तक्रारींचा आकडा पाहून उपयोग नाही, मोठ्या ब्रोकरच्या तक्रारी जास्तच दिसणार. ग्राहकसंख्येशी प्रमाण लावून बघायचं.

यजमान म्हणाले, "एवढं कशाला, मोठं नाव घे आणि मोकळी हो." मोठ्या नावाचं मला कार्व्ही आठवलं. देशातल्या मोठ्या ब्रोकरांपैकी एक. त्यांनी ग्राहकांचे शेअर गहाण टाकून कर्ज उचलल्याचं उघड झालं आणि २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीने त्यांना नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. ग्राहकांनी दिलेली मुखत्यारपत्रं त्या प्रकरणात ब्रोकरच्या हातातलं हत्यार ठरली. त्यानंतर बरंच बदललं. मार्जिनसाठी (सौद्याच्या अनामतीसाठी) शेअर तारण द्यायचे तरी ते आपल्याच डीमॅटमध्ये राहून 'प्लेज' होतात, आणि मुखत्यारपत्राच्या जागी नोव्हेंबर २०२२ पासून डीडीपीआय नावाचा मर्यादित अधिकाराचा कागद आला. तो देणंही सक्तीचं नाही. मी दिलेला नाही. त्यामुळे विकताना दर वेळी डिपॉझिटरीचा पिन आणि ओटीपी टाकावा लागेल. मी रोज विकणारी नाही. तेवढी कटकट मला चालते.

खर्चाचा हिशेब मी फळ्यावर करते तसा मांडला. पन्नास हजारांचे शेअर घेऊन ठेवायचे धरले, तर एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) ०.१ टक्का म्हणजे ५० रुपये, मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का म्हणजे साडेसात रुपये, एक्स्चेंजचं शुल्क दीड रुपयाच्या आसपास, सेबीचं शुल्क पाच पैसे. हे कुठेही गेलात तरी लागणारच. फरक ब्रोकरेजचा. बँकेचा दर मला अर्धा टक्का सांगितला होता, म्हणजे २५० रुपये, वर त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. सगळं धरून बँकेकडे साधारण ३५४ रुपये, आणि ब्रोकरेज न घेणाऱ्याकडे ५९. 'शून्य ब्रोकरेज'वाल्याकडे विकताना प्रत्येक कंपनीमागे डीपी शुल्क लागतं, ते दरपत्रकात वेगळ्या पानावर असतं. तेही बघून घ्या. बँकेतल्या बाईंनी मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, तुम्ही वर्षातून चार वेळा घेणार, तुम्हाला आमचं महाग पडेल."

वार्षिक देखभाल शुल्काबद्दल एक सांगते, कारण हे कोणी आपणहून सांगत नाही. बीएसडीए नावाचं साधं डीमॅट खातं असतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरसाठी देखभाल शुल्क शून्य, आणि चार ते दहा लाखांना वर्षाला १०० रुपये. अट एवढीच की पहिलं नाव आपलं असलेलं दुसरं डीमॅट खातं कुठेही नको. म्हणूनच 'उघडून तर ठेवा, फुकट आहे' म्हणत कोणी दुसरं खातं गळ्यात मारायला लागलं तर नाही म्हणा.

शेवटी मी डिस्काउंट ब्रोकर निवडला. कोणता ते लिहीत नाही. वरची तपासणी केलीत तर तुमच्यासाठी वेगळा निघू शकेल.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फॉर्म भरायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. पॅनवर माझं माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं. आधारवर सासरचं. बँकेत सासरचं. नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज थांबला. गंमत म्हणजे म्युच्युअल फंडाची केवायसी जुन्या काळात झालेली, तीही केआरएच्या (केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर 'होल्ड'वर दिसत होती. तेव्हा बायांनो, ब्रोकर शोधायच्या आधी एक काम करा: पॅन, आधार आणि बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर वाचा. आणि कोणत्याही केआरएच्या संकेतस्थळावर पॅन टाकून आपली केवायसी 'व्हॅलिडेटेड' आहे का ते बघा, फुकट असतं.

पॅनमधलं नाव बदलायला लग्नाचा पुरावा लागतो. आमचं लग्न २००३ सालचं, पारोळ्याला झालेलं. नोंदणी कोणी केली नव्हती. पॅन केंद्रावरच्या मुलाने यादी वाचून दाखवली: विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली प्रसिद्धी, पतीचं नाव असलेलं पासपोर्ट, किंवा लग्नपत्रिका. मला वाटलं थट्टा करतोय. पण यादीत खरंच लग्नपत्रिका होती. मग घरात शोधाशोध. जिजींच्या ट्रंकेत, जुन्या पैठणीच्या घडीत एक निघाली. कोपऱ्यांना हळद लागलेली, गणपतीवरचा सोनेरी रंग उडालेला, आत 'चि. सौ. कां.' म्हणून माझं माहेरचं नाव आणि आहेर आणू नये अशी विनंती. तिची प्रत स्वाक्षांकित करून दिली. फी १०७ रुपये, केंद्रवाल्याचे हातखर्चाचे शंभर वेगळे. मुहूर्ताचा सौदा त्यात हुकला. माझ्या विद्यार्थ्याने त्या दिवशी पेढ्याचा फोटो पाठवला होता.

नवं पॅन नोव्हेंबरच्या मध्याला आलं. तोवर शाळा सुरू झालेली, त्यामुळे २२ तारखेच्या शनिवारी दुपारी निवांत फॉर्म भरला. डिजिलॉकरमधून आधार आणि पॅन आपोआप आले. बँक खातं तपासायला कंपनीने एक रुपया जमा केला. कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करून फोटो टाकला. पहिला परत आला, कारण कागद रेघी होता. मग चेहऱ्याचा व्हिडिओ. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू लागतं, तुम्ही भारतातच आहात हे त्यांना पाहायचं असतं. घरात उजेड पुरेना म्हणून गच्चीवर गेले. शेजारच्या गच्चीवर वाळवणं चालली होती, तिथून आवाज आला, "कोणाशी बोलता हो वहिनी?" स्क्रीनवर तेवढ्यात 'कृपया हलू नका'.

फॉर्ममध्ये घाई करू नये अशी एक जागा आहे. 'सेगमेंट' निवडायच्या पानावर इक्विटीबरोबर फ्युचर्स-ऑप्शन्स आणि कमोडिटी आधीच टिक केलेले होते. ते मी काढले. काढले की उत्पन्नाचा पुरावा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, हे काही मागत नाहीत. उधारीवर शेअर घेण्याची एमटीएफ नावाची सोय देऊ केली होती, तीही नाकारली. नॉमिनी मात्र तिथल्या तिथे भरा. नंतर राहून जातो. सगळ्यात शेवटी आधारच्या ओटीपीवर ई-सही. त्याआधी जवळजवळ तीस पानांची पीडीएफ येते, ती मी उतरवून ठेवली आणि त्यातलं दरपत्रक अ‍ॅपवरच्या दरांशी जुळतं का ते पाहिलं. जुळलं.

दोन-तीन दिवसांत तीन ठिकाणांहून निरोप आले. ब्रोकरचा आला त्याचं विशेष नाही. एक्स्चेंजकडून आला की तुमच्या पॅनवर अमुक ब्रोकरकडे ग्राहक क्रमांक तयार झाला आहे. आणि सीडीएसएल या डिपॉझिटरीकडून आला की सोळा आकडी डीमॅट खातं उघडलं. ज्या दिवशी हे दोन निरोप ब्रोकरला वगळून माझ्या फोनवर आले, त्या दिवशी जिजींच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदा धड देता आलं. मी त्यांना सांगितलं: शेअर राहतात डिपॉझिटरीत, माझ्या नावावर. पैसे ब्रोकरकडे जातात ते फक्त खरेदीपुरते. आणि दोन्हीचा हिशेब मला ब्रोकरला न विचारता बघता येतो. "पतपेढीमा कोनी बघू दिन्हं व्हतं?" एवढंच त्या म्हणाल्या.

सीडीएसएलची 'इझी' नावाची सोय आहे, तिच्यात मी स्वतःचं वेगळं लॉगिन करून घेतलं. ब्रोकरचं अ‍ॅप उद्या बंद पडलं तरी माझ्या खात्यात काय आहे ते तिथे दिसतं. एनएसडीएल या दुसऱ्या डिपॉझिटरीवाल्यांसाठी तशीच 'आयडियाज' नावाची आहे.

पैसे भरताना आणखी एक तपासणी. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत ब्रोकरांसाठी वेगळे यूपीआय पत्ते सुरू केले आहेत: नावापुढे 'बीआरके', मग 'व्हॅलिड' आणि बँकेचं नाव. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचं चिन्ह दिसतं. 'सेबी चेक' नावाच्या पानावर हा पत्ता किंवा बँक खाते क्रमांक व आयएफएससी टाकून खरं-खोटं करता येतं. मी आधी तिथे टाकून पाहिलं, मग पाच हजार पाठवले, ते अ‍ॅपमध्ये दिसल्यावर बाकीचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पहिली खरेदी केली. रात्री ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याचं बिल, आली, उघडायला पॅन हाच पासवर्ड. ती माझ्या वहीतल्या हिशेबाशी ताडून पाहिली, फरक पैशांचा. एक्स्चेंजकडूनही त्या दिवशीच्या सौद्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेअर 'इझी'त दिसले.

मग एका सकाळी एसएमएस आला की तुमच्या ब्रोकरने कळवल्याप्रमाणे शिल्लक निधी इतका, आणि शेअरची शिल्लक शून्य. नातवाने तो मोठ्याने वाचला आणि जिजी हातातलं निवडायचं ताट बाजूला ठेवून उठल्या. शून्य हा शब्द त्यांनी पतसंस्थेच्या बाकावर बसून ऐकलेला आहे. मी संदेश शेवटपर्यंत वाचून दाखवला. खाली लिहिलेलं असतं की यात डीमॅट खात्यातली शिल्लक धरलेली नाही. हा एक्स्चेंजचा संदेश फक्त ब्रोकरच्या ताब्यात काय आहे ते सांगतो. शेअर माझ्या डीमॅटमध्ये असले तर तिथे शून्यच यायला हवं. उलट, शून्याऐवजी आकडा दिसला तर विचारायचं की माझे शेअर तुमच्याकडे काय करताहेत. 'इझी' उघडून त्यांना कंपनीचं नाव आणि संख्या दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती संख्या स्वतः वाचली. आता तो एसएमएस आला की त्याच विचारतात, "शून्यच शे ना?"

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी उरलेले काही हजार रुपये आपणहून बँकेत परत आले. मी काही मागितले नव्हते. पडून असलेला पैसा ब्रोकरने तिमाहीला, किंवा आपण तसं निवडलं असेल तर महिन्याला, ग्राहकाच्या बँक खात्यात परत करायचा असतो. घाबरून कस्टमर केअरला फोन करणाऱ्यांत माझी एक सहकारी होती, म्हणून लिहिलं.

तक्रार करायची वेळ माझ्यावर आलेली नाही, पण रस्ता माहीत करून ठेवला आहे. आधी ब्रोकरला लेखी ईमेल. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या संकेतस्थळावर तक्रार, तिला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानेही समाधान झालं नाही तर 'स्मार्ट ओडीआर', म्हणजे ऑनलाइन तंटा सोडवण्याची सोय. सेबीचा टोल फ्री क्रमांक १८०० २२ ७५७५, मराठीतूनही बोलतात.

आता यजमानांचं खातं उघडायचं चाललं आहे. त्यांचं पॅन-आधार अक्षर न् अक्षर जुळतं, पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला. ई-सहीचा ओटीपी त्यावरच जातो. बदलायला ७५ रुपये आणि आधार केंद्रावरची रांग. परवा गेले होते, सर्व्हर डाऊन होता.